गडचिरोली : दलम गेले, मग तेंदूच्या फळीवरचा दर आता कोण ठरवणार?

पळसबन

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा बडा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. त्याच सुमारास केंद्राच्या 'सर्वाधिक नक्षलप्रभावित' जिल्ह्यांच्या यादीतून गडचिरोलीचे नाव निघाले. त्या यादीत तेव्हा विजापूर, सुकमा आणि नारायणपूर हे छत्तीसगडचे तीनच जिल्हे उरले. तेव्हापासून जिथे तिथे एकच वाक्य ऐकू येते : संपला नक्षलवाद. संपले ते नेमके काय, हा या धाग्याचा प्रश्न आहे.

१९८० मध्ये पीपल्स वॉर या नक्षलवादी संघटनेची सशस्त्र पथके, म्हणजे दलम, गोदावरी ओलांडून सिरोंचा-अहेरीकडे आली. त्यांनी आधी भाषणे दिली नाहीत, दर वाढवून दिले. तेंदूच्या, म्हणजे बिडीच्या पानांच्या, पुडक्याला मिळणारे पैसे, बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी होणाऱ्या बांबूतोडीची मजुरी, वनरक्षकाला फुकट द्यावी लागणारी कोंबडी आणि वेठबिगार या तीन गोष्टींवर त्यांनी पहिला जम बसवला. पुढे तेंदू-बांबूच्या कंत्राटदारांकडून गोणीमागे 'पार्टी फंड' घ्यायला सुरुवात केली. म्हणजे दलम हे एकाच वेळी मजुरी मंडळ होते, तंटा सोडवणारे न्यायालय होते आणि खंडणी वसूल करणारे कार्यालयही होते. न्यायालय म्हणताना त्याची शिक्षा काय असे हे विसरू नये. 'पोलीस खबरी' अशी चिठ्ठी छातीवर ठेवलेले मृतदेह किती गावांनी पाहिले, हे जिल्ह्यात कोणालाही विचारा.

ही तीन कामे आता कोणाकडे गेली? ग्रामसभेकडे, पोलिसांकडे, की कंत्राटदाराकडेच परत?

गोदाकाठ

प्रश्न चांगला आहे, पण क्रम चुकतोय. आधी बंदूक जाते, मग ग्रामसभा बोलते. २००९ आठवा. १ फेब्रुवारीला मरकेगाव येथे १५ पोलीस, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६, ८ ऑक्टोबरला लाहेरी येथे १७. तीन हल्ल्यांत ४८. त्या वर्षी धानोरा-भामरागडच्या आत कोणती ग्रामसभा मोकळेपणाने ठराव करत होती?

ते चित्र बदलायला बरीच वर्षे लागली. गडचिरोली पोलिसांचे नक्षलविरोधी सी-६० पथक १९९० चे. त्याचे बळ शस्त्रांपेक्षा भरतीत आहे : स्थानिक तरुण, माडिया-गोंडी येणारे, पायवाट ओळखणारे आणि नियमित पोलीस सेवेतले. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. शेजारी दंतेवाड्यात २००५ ला सलवा जुडूम निघाले, गावकऱ्यांनाच बंदुका देऊन विशेष पोलीस अधिकारी केले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी ती व्यवस्था मोडीत काढली. तोवर गावे दोन फळ्यांत फाटली होती आणि हजारो लोक आंध्र-तेलंगणात पळाले होते. पगारी, शिस्तीखाली असलेला, चूक केली तर निलंबित होऊ शकणारा माणूस वेगळा आणि गावातल्या जुन्या भांडणासकट बंदूक हाती आलेला माणूस वेगळा.

तरीही चुका झाल्याच. १ मे २०१९, जांभुळखेडा : रात्री दादापूरला वाहने जाळली गेली, सकाळी जलद प्रतिसाद पथक तिकडे एका खासगी गाडीतून निघाले, स्फोटात १५ जवान आणि चालक गेले. जाळपोळ हे आमिष असते आणि मदतीला येणारा रस्ता हाच सापळा असतो, हे तोवर पन्नास वेळा शिकवून झाले होते. तरी घाई नडली.

अलीकडची पद्धत म्हणजे आत जाऊन २४ तासांत पोलीस मदत केंद्र उभे करायचे. वांगेतुरी (नोव्हेंबर २०२३), मग गर्देवाडा, पेनगुंडा, कवंडे. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरी-गर्देवाडा एसटी सुरू झाली, त्याच दिवशी भूपतीची पत्नी तारक्का शरण आली. दोन्ही बातम्या एकत्र वाचा.

कोष्टक

आकड्यांबद्दल एक सूचना. शरणागतीच्या बातमीत माणसे मोजू नका, हत्यारे मोजा. भूपतीच्या गटाने ६१ जणांमागे ५४ शस्त्रे जमा केली, त्यात ७ एके-४७ आणि ९ इन्सास. हे प्रमाण खऱ्या लष्करी तुकडीचे आहे. याउलट झारखंडमध्ये ५१४ तरुणांना नोकरीचे आमिष दाखवून नक्षलवादी म्हणून शरण आणल्याचे प्रकरण रांचीत गाजले. जिथे पन्नास माणसे आणि चार भरमार (ठासणीच्या) बंदुका असतील तिथे बातमी दोनदा वाचावी.

दुसरे म्हणजे नक्षलग्रस्त जिल्ह्यांना केंद्राकडून पैसे देणाऱ्या सुरक्षा खर्चाच्या योजनेतले जिल्हे. २०१८ पर्यंत १२६, मग ९०, २०२१ ला ७०, २०२४ ला ३८, २०२५ ला १८ आणि मग ११. घट खरीच आहे, पण यादीत राहण्याने निधी येतो आणि यादीतून निघण्याने श्रेय मिळते. त्यामुळे यादी हिंसेसोबत राजकारणही मोजते. देशातले मृत्यू पाहिले (जवान आणि नागरिक मिळून २०१० मध्ये १००५, २०२४ मध्ये १५०) तर चित्र जास्त स्वच्छ दिसते.

जुना_सातबारा

पळसबन यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तेंदूचे गणित कळल्याशिवाय यातले राजकारण कळत नाही, म्हणून जरा सविस्तर.

महाराष्ट्रात ७० पानांचे एक पुडके आणि १००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पाने. (छत्तीसगडात पुडके ५० पानांचे असते. सीमेवर दरांची तुलना करताना पेपरवालेसुद्धा इथे घसरतात.) फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई होते. झुडूप जमिनीलगत छाटले की नवी, मऊ, एकसारखी पाने येतात. खुटकटाई चुकली की पान जाड आणि डागाळलेले निघते आणि मेमध्ये कंत्राटदाराला दर पाडायला निमित्त मिळते. तोडणी मेमध्ये, दोन-तीन आठवडे. पहाटे तोड, दुपारी घरी पुडके बांधणे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, मोजणी. मग पुडकी उन्हात मांडून, उलटवून, सुकवून बोदात (मोठ्या पोत्यात) भरायची. या काळात वळवाचा पाऊस झाला तर पान काळे पडते. ते नुकसान कोणाचे, हे करारात लिहिलेले नसेल तर ते मजुरांचे होते.

१९६९ च्या कायद्याने हा व्यापार वनविभागाच्या लिलावात गेला. नंतर आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा (१९९६), वनहक्क कायदा (२००६), राज्याचे पेसा नियम (मार्च २०१४) आणि राज्यपालांची २०१४ चीच अधिसूचना अशी पायरी पायरीने तेंदू आणि बांबूची मालकी ग्रामसभेकडे आली. आता ग्रामसभेपुढे दोन पर्याय असतात : पहिला, वनविभागाने लिलाव करून द्यावा, दुसरा, ग्रामसभेने स्वतः विकावे. दुसरा निवडला तर हिवाळ्यातच ठराव, जानेवारी-फेब्रुवारीत जाहिरात, मोहोरबंद निविदा, अनामत, करारनामा, फळीनिहाय नोंदवही, बँक खाते हे सगळे गावाने करायचे.

आता पैसा कुठे अडकतो ते पाहू. समजा २०० गोण्या आणि गोणीला ८००० रुपये दर, तर १६ लाख. कंत्राटदार तीन हप्ते मागतो. शेवटचा तिसरा हिस्सा, म्हणजे सव्वापाच लाखांच्या वर, माल उचलल्यावर 'जूनमध्ये देतो' म्हणतो. माल गेला की जूनचा दिवाळीपर्यंत जून चालतो. पूर्वी अशा कंत्राटदाराला जंगलातून चिठ्ठी जायची आणि पैसे यायचे. स्पष्टच लिहितो, ही चिठ्ठी गावाच्या भल्यासाठी नसायची. त्यात दलमचा हिस्सा असायचा आणि तो हिस्सा कंत्राटदार दर ठरवतानाच कापून ठेवायचा. पण वसुलीची एक यंत्रणा होती. ती आता नाही, आणि दिवाणी दावा लावायला गावाकडे वकिलाचे पैसे नाहीत.

निरुपमा_के

सातबारा, म्हणजे खंडणीबहाद्दरांची उणीव भासते असे म्हणायचे आहे का?

जुना_सातबारा

नाही. पोकळीचा आकार कळल्याशिवाय ती भरता येत नाही, एवढेच. भरण्याचे हत्यार कायद्यातच आहे : वाहतूक परवाना. २०१२ च्या सुधारित वनहक्क नियमांप्रमाणे गौण वनोपजाचा वाहतूक पास ग्रामसभेची व्यवस्थापन समिती देते. पासाशिवाय ट्रक नाक्यावर अडतो. म्हणून करारात एकच ओळ ठळक लिहायची : पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच पास. मेंढा (लेखा) या गावाने बांबूसाठी झगडून मिळवला तो हाच अधिकार. सुमारे १८०० हेक्टरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये कागदावर आला, तरी बांबू विकायचा तर वनविभाग पास देईना. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक पासांचे पुस्तक, म्हणजे पासबुक, ग्रामसभेच्या हाती दिले. हक्काचा कागद आणि पासबुक यांच्यात दीड वर्ष गेले. हे बंदुकीविना झाले, ग्रामसभेच्या चिकाटीने.

गोदाकाठ

+१. आणि मेंढा धानोरा तालुक्यातच आहे. ज्या तालुक्यात मरकेगाव आणि हत्तीगोटा झाले, तिथेच.

निरुपमा_के

बरे, स्पष्टीकरण मान्य. आता माझा मुद्दा. ज्या मेंढ्याचे कौतुक होते ते लेखी हक्कावर उभे आहे. पण जिथे जमिनीखाली लोखंड आहे तिथे त्याच कायद्यातल्या ग्रामसभेचे काय होते?

सुरजागड, एटापल्ली तालुका. लॉइड्स मेटल्सला खाणपट्टा २००७ मध्ये, सुमारे ३४८ हेक्टर. २०१३ मध्ये कंपनीच्या उपाध्यक्षासह तिघांची नक्षलवाद्यांनी हत्या केली, डिसेंबर २०१६ मध्ये सत्तरहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून उत्खनन जोरात आणि २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टनांची परवानगी. त्या डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे, भोवतालच्या ७० गावांच्या इलाख्याची जत्रा तिथे भरते. विरोध दोन प्रकारचा होता, बंदुकीचा आणि ग्रामसभेचा. प्रशासनाच्या भाषेत मात्र दोन्ही एकच. विस्तारासाठीची जनसुनावणी २०२२ मध्ये गडचिरोली मुख्यालयात झाली. एटापल्लीहून ते अंतर शंभर किलोमीटरपेक्षा जास्त आहे. तोडगट्टा इथे २०२३ मध्ये कित्येक महिने नव्या खाणींविरुद्ध ठिय्या चालला, तो नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी उठवला. गोदाकाठ यांनी वर वांगेतुरीच्या २४ तासांच्या केंद्राचा उल्लेख केला, ते त्याच पट्ट्यातले आणि त्याच महिन्यातले. आता गावकऱ्याने त्या केंद्राचा अर्थ काय लावायचा : नक्षल्यांपासून संरक्षण, की खाणीच्या रस्त्याचे?

दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात, आणि मला वाटते राजकीय गुंता म्हणतात तो इथेच आहे.

गोदाकाठ

एटापल्लीकडचा रोजगार पण मांडा ना. लॉइड्सचा कोनसरीचा पोलाद प्रकल्प, शरण आलेल्यांना तिथे मिळालेल्या नोकऱ्या. आणि तोडगट्ट्याचे आंदोलन नक्षलप्रेरित होते असा पोलिसांचा दावा होता.

निरुपमा_के

दावा होता, हो. आणि नक्षल्यांनी त्या आंदोलनाला पाठिंब्याची पत्रके काढली असतील तरी मला नवल वाटणार नाही. ते प्रत्येक मागणीवर आपला शिक्का मारतात. मागणी त्यामुळे त्यांची होत नाही. पण शिक्का बसला की मागणाऱ्या पोरावर गुन्हा बसतो.

रोजगाराबद्दल वाद नाही. मला खनिज निधीचा हिशेब पाहायचा आहे. पट्टा १२ जानेवारी २०१५ पूर्वीचा, म्हणजे रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होते. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यातले किमान ७० टक्के प्रत्यक्ष बाधित क्षेत्रात, खाणीपासून १५ किलोमीटरच्या आत, खर्च व्हायला हवेत. बंडखोरीची कारणे दूर करायची तर भाषणे नकोत, या १५ किलोमीटरची गावनिहाय यादी आणि कामनिहाय खर्च ग्रामसभेत फलकावर लावा.

टोळभैरव

आणि शहरी नक्षल? त्यावर कोणी बोलत नाही. जनसुरक्षा विधेयक काय उगाच आणले?

कोष्टक

बोलू की. विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. माझा आक्षेप व्याख्येवर आहे, पण तो बाजूला ठेवा. हाती असलेला कायदा कसा वापरला जातो ते पाहा. यूएपीएत, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, खटला चालवायला कलम ४५ खाली सरकारची मंजुरी लागते. पुराव्यांची तपासणी करणाऱ्या स्वतंत्र प्राधिकरणाने ७ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि पुढच्या ७ कामकाजाच्या दिवसांत सरकारने निर्णय घ्यायचा, असे २००८ चे नियम आहेत. गडचिरोली सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतरांना माओवाद्यांशी संबंधांवरून दोषी ठरवले. नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरीच्या मुद्द्यावर सोडले, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून फेरसुनावणीला पाठवले, आणि ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने गुणवत्तेवरही पुन्हा निर्दोष सोडले. तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, हा खटला हरण्याचा नमुना आहे. आरोपी खरेच दोषी होता असे मानणाऱ्याने मंजुरीच्या कागदावर चिडायला हवे. निर्दोष होता असे मानणाऱ्याने त्या तुरुंगवासावर. नवा कायदा आणून या दोन्हींतले काहीच सुधारत नाही.

पळसबन

टोळभैरव, या विषयाला हवा तर वेगळा धागा काढा. इथे फळीवर परत येऊ.

गावबंदी योजनेचा उल्लेख कसा नाही आला? २००३ ची. गावाने ठराव करायचा की नक्षल्यांना गावात येऊ देणार नाही, जेवण देणार नाही. मग गावाला विकासकामांसाठी ३ लाख, पुढे ते ६ लाख झाले. कागदावर सुबक. पण ठराव करणारे गाव नकाशावर दिव्यासारखे चमकते. पोलीस मुख्यालयातून निघून जातात, दलम रात्री येते. म्हणून कित्येक गावांनी ठराव केला आणि भातही वाढला. याला दुटप्पीपणा म्हणणाऱ्यांनी रात्री दारात बंदूकवाले सात जण उभे असताना नाही म्हणून दाखवावे. 'जनतेचा पाठिंबा' हा शब्द दोन्ही बाजूंनी इतका सैल वापरला की भीती, नातेवाईकपण (पोरगी दलममध्ये, पोरगा सी-६० मध्ये अशी घरे आहेत) आणि खरी सहानुभूती यांतला फरकच पुसला गेला.

जुना_सातबारा

शरणागतांच्या पुनर्वसनाची एक बाजू राहिली, तीही कागदाचीच. केंद्राचे धोरण : वरच्या फळीतल्याला ५ लाख, इतरांना अडीच लाख, शिवाय ३६ महिने दरमहा १०,०००. राज्याची योजना २००५ पासून आहे. नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रियासुद्धा करून देतात, कारण दलममध्ये लग्नाआधी नसबंदीची सक्ती असायची. इथवर ठीक.

गाडी अडते ती ३७ व्या महिन्यात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी गेलेल्या माणसाकडे शाळेचा दाखला नाही, शिधापत्रिकेत नाव नाही, वनहक्काच्या दाव्यात घरच्यांनी त्याचे नाव घातलेले नाही. जातप्रमाणपत्रासाठी अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा राज्यातला रहिवास दाखवावा लागतो. आणि गडचिरोलीत शरण येणाऱ्यांत बरेच जण बस्तरचे आहेत. ते तिकडे आदिवासी, पण इथे स्थायिक झाले तर महाराष्ट्राच्या आदिवासी सवलती त्यांना लागू होत नाहीत. परत विजापूरला जावे तर जुने साथी आणि जुने वैरी दोन्ही तिथेच. शरणागतांसाठीच्या नवजीवन वसाहतीत घर मिळाले तरी जमीन नाही. दोन राज्यांच्या आदिवासी विकास विभागांनी बसून सोडवायचा हा विषय आहे, आणि पोलीस अधीक्षकाच्या अखत्यारीत तो येतच नाही.

गोदाकाठ

हे पटले. आणि एक कबुली : आत सध्या सगळेच पोलीस अधीक्षकाच्या अखत्यारीत येते, हीच अडचण आहे. 'दादालोरा खिडकी'तून पोलीस ठाण्यात दाखले, योजनांचे अर्ज, प्रशिक्षण सगळे मिळते. काम चोख आहे. पण तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक या काळात सवयीने तालुक्याला राहायला लागले ते लागलेच. पोलिसाने जातीचा दाखला दिला म्हणून टाळ्या वाजवताना तहसीलदार कुठे आहे हे विचारायला हवे. पोलीस दलाचे मनुष्यबळ एक दिवस दुसरीकडे जाईल.

शिवाय माओवाद्यांत शस्त्र सोडण्यावरच फूट आहे. भूपतीच्या पत्रांना त्यांच्या तेलंगणा समितीने वैयक्तिक मत म्हणून झिडकारले होते. शरण आलेल्यांनीही शस्त्र सोडले, राजकारण सोडले असे नाही. उद्या त्यांच्यातला कोणी ग्रामसभेत येऊन कायदेशीरपणे तेंदूचा दर मागेल. तेव्हा त्याला जुना गुन्हेगार म्हणून हाकलायचे की बसायला खुर्ची द्यायची, हे आत्ताच ठरवून ठेवलेले बरे.

निरुपमा_के

खुर्ची. आणि बैठकीची नोटीस गोंडीतही.

पळसबन

सातबारा, येत्या हंगामासाठी करारात काय काय असावे ते थोडक्यात लिहाल का? इथे ग्रामसभांसोबत काम करणारे वाचक आहेत.

जुना_सातबारा

लिहितो, जसे आठवेल तसे.

एकेकटे गाव निविदा काढते तेव्हा पाच कंत्राटदार आपसांत गावे वाटून घेतात आणि प्रत्येक गावात एकच निविदा येते. कोरचीच्या महाग्रामसभेसारखे शेजारच्या गावांनी एकत्र लिलाव केला की ही वाटणी अवघड होते. ठरावाची बैठक वनहक्क नियमांप्रमाणे निम्म्या सदस्यांची आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश महिला अशी हवी. गणपूर्ती नसलेला ठराव कंत्राटदाराचा वकील पहिल्या दिवशी उडवतो. पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता नसेल तर खाते मूळ ग्रामपंचायतीच्या नावे निघते आणि पैसे सरपंचाकडे जातात. म्हणून पाड्याने ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे प्रस्ताव आधीच द्यावा, हंगामाच्या तोंडावर नाही.

जीएसटीचा बोजा खरेदीदारावर, हे शब्दांत लिहा. पूर्वी १८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तेंदूपानावर ५ टक्के झाला. वरच्याच १६ लाखांच्या उदाहरणात २ लाख ८८ हजारांऐवजी ८० हजार. कंत्राटदार जुन्या दराचे कारण सांगून भाव पाडू लागला तर हा फरक त्याला दाखवा.

प्रतवारीचा वाद फळीवरच मिटवायचा : रोजच्या नोंदवहीवर मुन्शी (कंत्राटदाराचा कारकून) आणि समिती दोघांची सही, नापास पुडकी त्याच संध्याकाळी वेगळी. 'गोदामात उघडल्यावर खराब निघाले' ही सबब करारात आधीच बाद करा. बोद भरल्यावर पाऊस झाला तर नुकसान खरेदीदाराचे, फळीवर मोजण्याआधी झाला तर गावाचे.

मजुरी कुटुंबाच्या खात्यात थेट, स्वामित्वशुल्क ग्रामसभेच्या खात्यात वेगळे. दोन्ही एकत्र केले की डिसेंबरमध्ये भांडण ठरलेले. खात्यावर तीन सह्या, त्यातली एक महिलेची. आणि वाहतूक पासबुकाची कोरी, सही केलेली पाने मुन्शीकडे ठेवायची नाहीत. 'रात्री ट्रक भरतोय, सकाळी पैसे टाकतो' म्हणून नेमकी तीच मागितली जातात.